ओला तळपाय

मराठीत 'पाय' लिहिलं की आधी घोटा डोळ्यांसमोर येतो. त्यात विभक्ती लागली की गोंधळ आणखी वाढतो. पायाचा की पायचा? इथे चालण्याचा तो पायाचा आणि खाण्याचा, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला, तो पायचा, असं धरून चालू. पण ही सरमिसळ एका ठिकाणी भलतीच कामाची आहे. फळांचा पाय बिघडतो तो बहुतेक वेळा खालून. वरची जाळी सोनेरी, रस लालबुंद, फोटो झकास. आणि सुरी घातली की तळाला पांढरट, चिकट, कच्च्या कणकेसारखा थर. त्याला ओला तळपाय म्हणावं. पुढे जे काही लिहिलंय ते जवळजवळ सगळं हा तळपाय कोरडा कसा ठेवायचा याबद्दलच आहे.

स्ट्रॉबेरी-रुबार्ब पाय या दुखण्याला सर्वांत जास्त बळी पडतो, कारण त्यातली दोन्ही फळं म्हणजे नुसतं पाणी. स्ट्रॉबेरीत साधारण ९० टक्के, रुबार्बमध्ये त्याहूनही थोडं जास्त. खरं तर रुबार्ब फळ नाहीच. अळूसारखी मोठी पानं, त्यांचे लाल-हिरवे जाड देठ, आणि खायचे ते फक्त देठ. पानांत ऑक्झॅलिक आम्ल इतकं असतं की ती विषारी धरतात. तरी १९४७ साली अमेरिकेतल्या बफेलो इथल्या सीमाशुल्क न्यायालयानं रुबार्बला फळ ठरवलं. लोक त्याचा उपयोग फळासारखा करतात म्हणून जकात फळाची, असा तो न्याय. आपल्याकडे असा खटला चालला असता तर अंबाडीला काय ठरवलं असतं कोण जाणे.

अंबाडी उगाच आठवलेली नाही. रुबार्ब नागपुरात पिकत नाही आणि पिकणारही नाही. त्याच्या गड्ड्याला हिवाळ्यात काही आठवडे पाच अंशांच्या खालची थंडी लागते, तेव्हा कुठे वसंतात देठ फुटतात. आपल्याकडे पारा दहाच्या खाली चार रात्री उतरला की शेकोट्या पेटतात आणि मे महिन्यात तो पंचेचाळीसला टेकतो. गड्डा जमिनीतच उकडून निघेल. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रेवंदचिनी रुबार्बच्याच कुळातली आहे हे वाचून कुणी ती आणायला निघालं असेल तर थांबा. ते वाळवलेलं मूळ आहे आणि त्याचा उपयोग रेचक म्हणून होतो. पायनंतरची रात्र अवघड जाईल.

रुबार्ब या पायमध्ये करतो काय, हे आधी विचारावं. आंबटपणा देतो, तोही झणझणीत, लिंबासारखा वरवरचा नाही. शिजून मऊ होतो आणि स्ट्रॉबेरीच्या गोडाला धार आणतो. स्ट्रॉबेरी एकटीच भाजली तर तिचा वास निम्मा उडतो आणि उरतो तो जॅमचा बोदा गोडवा. ही तिन्ही कामं लाल अंबाडीची फुलं करतात. आपण फुलं म्हणतो ती खरं तर फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती राहिलेली लाल, मांसल दलं. ती आंबटढाण असतात, रंग तर रुबार्बपेक्षा चढ, आणि त्यांच्यात पेक्टिन भरपूर असल्यामुळे रस आपोआप धरतो. स्ट्रॉबेरीत नेमकी पेक्टिनचीच उणीव. विदर्भाच्या जिभेला हा आंबट नवा नाही. ज्वारीच्या कण्या घालून केलेली अंबाडीची भाजी आणि वर लसणाची फोडणी ज्यानं खाल्लीय, त्याला हा पाय पहिल्या घासाला ओळखीचा वाटतो.

ऋतूही जुळतो. अंबाडीची फुलं नोव्हेंबर-डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत, आणि स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून मार्चपर्यंत. महाबळेश्वरची तर येतेच, तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण विदर्भातही चिखलदऱ्याच्या पठारावर, मोथ्याच्या बाजूला स्ट्रॉबेरी होते, आणि ती मिळाली तर तीच घ्यावी, कारण तिचा प्रवास कमी असतो. स्ट्रॉबेरीचा डबा विकत घेताना वरून पाहू नये, उलटा करून पाहावा. खालच्या थरातली फळं दबून त्यांचा रस डब्याला लागला असेल तर ती त्याच दिवशी वापरावी लागतील. देठाजवळ पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी घरी ठेवून पिकत नाही. तोडल्यावर ती लाल होईल, गोड होणार नाही.

नागपुरात गोकुळपेठेत किंवा बर्डीवर अंबाडी मागितली तर भाजीची जुडी हातात येते. फुलं हवीत असं स्पष्ट सांगावं. दोरासाठी लावतात त्या अंबाडीची बोंडं केसाळ आणि दलं पातळ असतात, ती इथे निरुपयोगी. दल जाड, मेणासारखं चकचकीत आणि बोटांनी मोडलं तर कट्‌ आवाज करणारं हवं. साफ करायला प्रत्येक फुलाचा देठाकडचा भाग सुरीनं चकतीसारखा उडवावा आणि आतलं हिरवं बोंड अंगठ्यानं ढकलून बाहेर काढावं. बोंडावरची बारीक लव बोटांना खाजते, म्हणून हे काम पाण्याचं भांडं जवळ ठेवून करावं. निम्म्याच्या आसपास वजन बोंडांतच जातं. म्हणून अर्धा किलो आणली की पाव किलो दलं हाती लागतात, आणि आपल्याला तेवढीच हवीत.

आता मापं. नऊ इंची, दीड इंच खोल पायच्या भांड्यासाठी स्ट्रॉबेरी ६०० ग्रॅम, साफ केलेली अंबाडीची दलं २५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, साबुदाण्याचं पीठ ३५ ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि एका संत्र्याची किसलेली साल. ज्यांना परदेशात खरा रुबार्ब मिळतो त्यांनी ४५० ग्रॅम स्ट्रॉबेरी, ४५० ग्रॅम रुबार्ब, साखर २२० आणि साबुदाण्याचं पीठ ४५ ग्रॅम घ्यावं. रुबार्बचे दीड सेंटिमीटरचे तुकडे कच्चेच घालावेत. अंबाडी मात्र आधी शिजवावी लागते, नाहीतर दलं पायमध्ये रबरासारखी चिवट राहतात. ११० ग्रॅम साखर आणि पाव वाटी पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर सात-आठ मिनिटं. दलं लिबलिबीत झाली, पण आकार धरून आहेत, अशा वेळी गॅस बंद करावा. भांडं स्टीलचं घ्यावं. लोखंडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या कढईत एवढा आंबट पदार्थ शिजवला की त्याला धातूची चव येते आणि रंगही काळवंडतो.

स्ट्रॉबेरीचे उभे दोन भाग, फार मोठी असेल तर चार. उरलेली ९० ग्रॅम साखर तिला चोळून पाऊण तास चाळणीवर ठेवावी, खाली पातेलं. जेवढा रस खाली गळेल तेवढं पाणी पायच्या तळात जायचं वाचलं. हा रस फेकायचा नाही. वेगळा उकळून एकतारी पाकाच्या जरा अलीकडे, तीन-चार चमचे उरेपर्यंत आटवायचा आणि पुन्हा फळांत मिसळायचा. स्ट्रॉबेरीचा जो वास भट्टीत उडणार असतो त्याची थोडी भरपाई इथे होते. संत्र्याची फक्त साल किसावी, वरची केशरी, पांढरा भाग न लागू देता. डिसेंबरात अंबिया बहाराचं संत्रं मिळतं, फेब्रुवारीनंतर मृगाचं. सालीसाठी दोन्ही चालतात. रस घालायचा मोह नागपूरकराला होणारच. पण आपल्या संत्र्याचा रस तापवला की कडवट होतो, शिवाय आणखी पाणी. संत्रं सोलून बाजूला बसून खावं. वेलची घालू नये. घातली की पाय लगेच शिऱ्याच्या पंगतीत जाऊन बसतो.

दाटपणासाठी बहुतेक ठिकाणी कॉर्नफ्लोअर सांगतात. आंबट रसात जास्त वेळ उकळलं की कॉर्नफ्लोअरची पकड सुटते आणि रस गढूळ दिसतो. साबुदाणा म्हणजे टॅपिओका या कंदाचाच स्टार्च, आणि अमेरिकेतल्या जुन्या पाककृतींतही फळांच्या पायला टॅपिओका वापरतात तो याच कारणासाठी: तो आंबटाला सहसा दाद देत नाही आणि रस काचेसारखा स्वच्छ ठेवतो. उपासाचा साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक दळून चाळून घ्यावा. अख्खा किंवा जाडसर राहिला तर जाळीच्या भोकांतून वर आलेले दाणे भिजत नाहीत आणि भाजून दाताखाली खड्यासारखे लागतात. पीठ फळांत मिसळून पंधरा मिनिटं थांबावं. हे सारण पूर्ण गार असलं पाहिजे. कोमट सारण भरलं की खालचं बटर भट्टीत जाण्याआधीच वितळतं, आणि तळपाय तिथेच भिजायला लागतो.

बटर म्हणजे पारीचा जीव. आपल्याकडे खुसखुशीतपणाचं शास्त्र मोहनाचं आहे: कडकडीत तूप पिठात ओतायचं, चोळायचं, मुटका वळला की झालं. शंकरपाळी तशी होते. चिरोट्यांत साटा लावून पदर काढतात. पायची पारी या दोघांच्या मधली, पण वागायची रीत अगदी उलट. इथे काहीही गरम नको. बटरचे तुकडे पिठात तसेच राहिले पाहिजेत, कारण बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं; भट्टीत त्याची वाफ होऊन ती पिठाला उचलते, आणि तुकडा होता तिथे पदर सुटतो. म्हणून तूप चालत नाही. तुपात पाणीच नाही, पारी नुसती भुरभुरीत होते. घरचं लोणी चालेल, पण त्यात ताक किती राहिलंय याचा अंदाज दर खेपेला वेगळा, म्हणून विकतचं बटर बरं. खारवलेलं असेल तर मीठ वगळावं. डालडा उन्हाळ्यात हाताळायला सोपा असतो, पण गार पायमध्ये टाळूला त्याचा मेणचट लेप बसतो.

मैदा ३२० ग्रॅम, बटर २२० ग्रॅम, पिठीसाखर एक मोठा चमचा, बटर बिनमिठाचं असेल तर अर्धा चमचा मीठ, बर्फाचं पाणी ९० ते ११० मिलिलिटर, त्यात एक छोटा चमचा व्हिनेगर. व्हिनेगरनं पारी मऊ होते असं सांगतात. एवढ्याशानं फार फरक पडत नाही, पण पीठ दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर ते करडं पडत नाही, एवढा उपयोग नक्की. बटरचे दीड सेंटिमीटरचे चौकोन करून पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावेत, मग मैद्यात घोळवावेत. आता एकेक चौकोन अंगठा आणि तर्जनीत धरून एकदाच चेपायचा. बोटांखाली तो आधी कडक लागतो, मग बाजूंनी तडकतो आणि रुपयाच्या नाण्यासारखा चपटा होतो. इथेच सोडायचा. आणखी चोळला तर तो बोटाला चिकटून चकाकायला लागतो. चकाकी दिसली की बटर वितळतंय, परात लगेच फ्रीजमध्ये. शेवटी काही चकत्या नाण्याएवढ्या आणि काही हरभऱ्याच्या डाळीएवढ्या, असं मिश्रण हवं.

पाणी चमच्याचमच्यानं शिंपडून उलथन्यानं वरखाली करावं, मळू नये. मळायची सवय हाताला इतकी असते की हात मागे बांधावेसे वाटतात. मूठ दाबली तर मुटका टिकतो, पण कडेला कोरडा चुरा दिसतो, एवढंच पाणी. गोळा गुळगुळीत झाला म्हणजे पाणी जास्त झालं. अशी पारी भाजताना आकसते आणि तिची किनार भांड्यात खाली घसरते. दोन गोळे करावेत, एक थोडा मोठा, चपटे करून झाकून निदान एक तास फ्रीजमध्ये. रात्रभर ठेवले तर उत्तम.

हे सगळं डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी नागपूरच्या स्वयंपाकघरात विनासायास होतं. तेव्हा ओट्याचा ग्रॅनाइट हाताला गार लागतो आणि खोली अठरा-वीस अंशांवर असते. मेमध्ये हाच उद्योग करायचा तर कूलरवर भिस्त ठेवू नये. कूलरची हवा गार असली तरी दमट असते, पीठ चिकटतं, आणि खोली बटरला हवी तेवढी गार होतही नाही. एसीच्या खोलीत परात न्यावी, ओट्यावर आधी बर्फाचं ताट दहा मिनिटं फिरवावं, आणि लाटण्याचे तीन हात झाले की पारी फ्रीजमध्ये. कंटाळवाणं आहे. शिवाय तेव्हा स्ट्रॉबेरी संपलेली असते, त्यामुळे हा प्रश्न निसर्गानंच सोडवलाय. मार्चअखेर, फुलं संपून कैरी यायला लागते आणि स्ट्रॉबेरीचे शेवटचे डबे असतात, तो पंधरवडा मात्र साधावा: अंबाडीऐवजी कैरीचे दीड सेंटिमीटरचे तुकडे, कोय न धरलेल्या कैरीचे. शिजल्यावर आकार टिकवण्यात कैरी रुबार्बच्या जास्त जवळ जाते.

पोळपाट इथे लहान पडतो. तीन मिलिमीटर जाडीची, तीस सेंटिमीटरची पारी लाटायची आहे, म्हणून थेट ओट्यावर. मधून बाहेरच्या दिशेनं लाटून दर वेळी पाव वळसा. पोळीसारखं कडेवर लाटणं फिरवलं की कड पातळ आणि मधला भाग जाड राहतो. मधला भाग म्हणजे नेमका तळ. लाटलेली पारी लाटण्यावर गुंडाळून भांड्यावर उलगडावी आणि कोपऱ्यात सैल सोडावी. ताणून बसवली तर भट्टीत ती ताण परत मागते आणि कड खाली उतरते. तळावर एक मोठा चमचा कोरडा भाजलेला बारीक रवा पसरावा. रस आधी रव्याला भिजवतो, पारीला नंतर. हा रवा खाताना कळतही नाही.

सारण भरून वर दुसऱ्या पारीच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्यांची जाळी. जाळी दिसायला छान म्हणून नाही, वाफेला वाट म्हणून. अख्खं झाकण लावलं की सारणातलं पाणी आतच घुटमळतं. कडा दुमडून चिमट्या घालाव्यात, करंजीला मुरड घालतो तशी घातली तरी चालते, आणि अख्खा पाय अर्धा तास फ्रीजमध्ये. मग जाळीला दूध-साय मिसळून लावावी, चालत असेल तर फेटलेलं अंडं, आणि वर दाणेदार साखर.

ओटीजीमध्ये, म्हणजे घरच्या विजेच्या छोट्या भट्टीत, खालच्या जाळीवर लोखंडी तवा ठेवून वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, २२० अंशांवर पंचवीस मिनिटं तापू द्यावा. ओटीजीच्या बटणावर विश्वास टाकू नये, आकडा आणि आतली उष्णता यांत पंधरा-वीस अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर त्यासाठी. पाय तापलेल्या तव्यावर ठेवला की तळातलं बटर वितळून वाहण्याआधीच पारी धरू लागते. यासाठी भांडं अॅल्युमिनियमचं हवं; सारण आणि भांडं यांच्यामध्ये पारी असते, म्हणून इथे ते चालतं. काचेचं गार भांडं तापलेल्या तव्यावर ठेवलं तर ते तडकून पाय, काच आणि ओटीजी हे तिन्ही एकदम जातात. पहिली वीस मिनिटं २२० वर, मग १८० वर चाळीस ते पन्नास मिनिटं. वरचा भाग लवकर लाल झाला तर वरून फॉइल सैल पांघरावं, पण पाय बाहेर काढू नये. नुसत्या मायक्रोवेव्हवर पारी कधीच तांबूस होत नाही, त्याला कन्व्हेक्शन, म्हणजे आत गरम हवा फिरवायची सोय, लागतं. आणि कढईत मीठ तापवून केक होतो म्हणून पायही होईल या आशेवर राहू नये, वरची जाळी पांढरीच राहते.

पाय झाला हे रंगावरून ओळखू नये. भट्टीच्या काचेतून मधल्या भोकाकडे पाहावं. कडेचे बुडबुडे आधी येतात, ते पातळ, भराभर फुटणारे. मध्यभागी बुडबुडा जाड, मंद, फुटताना 'फुक्‌' करणारा, पिठलं शिजताना येतो तसा दिसला की स्टार्च शिजलाय. हाताशी सळईचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ ते ९५ अंश. कडा उकळल्या म्हणून बाहेर काढलेला पाय कापल्यावर मध्ये वरणासारखा वाहतो.

आणि मग चार तास हात लावायचा नाही. साबुदाणा गार होता होता धरतो. गरम असताना कापला तर कितीही नीट भाजलेला असो, रस वाहणारच आणि तो आधी तळालाच जाणार. जाळीच्या स्टँडवर ठेवावा, म्हणजे भांड्याच्या खालून हवा जाईल. ओट्यावर तसाच ठेवला तर खालची वाफ कोंडून, कोरडा भाजलेला तळसुद्धा बाहेर आल्यावर ओला होतो. हिवाळ्यात एक दिवस बाहेर टिकतो, नंतर फ्रीज. गरम करताना ओटीजीतच १६० वर बारा-पंधरा मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये पदर मऊ पडतात.

पहिली फोड नेहमी मोडते, तिला पाहुण्यांच्या ताटात वाढू नये. ती काढल्यावर उलथनं दुसऱ्या फोडीच्या खाली टोकापासून सरकवावं आणि कान द्यावा. भांड्यावर खर्र आवाज येत पारी सुटली, उचलल्यावर टोक खाली झुकलं नाही, आणि उलटून पाहिल्यावर तळ भाकरीच्या पापुद्र्यासारखा तांबूस डागांचा दिसला, तर वर घट्ट सायीचा एक चमचा. टोक झुकलं तर पुढच्या वेळी तवा आणखी दहा मिनिटं तापवायचा, आणि आजची फोड चमच्यानं खायची.